‘काशे’चा शेवट: पायऱ्यांवरची दोन मुलं

मिशाएल हानेके यांचा ‘काशे’ (२००५) संपला की प्रेक्षक एकमेकांना एकच विचारतात: त्या कॅसेट पाठवल्या कोणी? कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळवणारा हा चित्रपट त्याचं उत्तर देत नाही. मला तर वाटतं, या प्रश्नामागे धावताना आपण नायकाचाच कित्ता गिरवतो.

कथा थोडक्यात सांगतो. शेवट फुटेल, त्याला इलाज नाही. जॉर्ज (दानिएल ओतोय) पॅरिसमध्ये टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करतो. त्याच्या दारात निनावी कॅसेट येऊ लागतात. त्यांत त्याचंच घर, समोरच्या गल्लीतून तासन्‌तास टिपलेलं. माग काढत तो माजिदपर्यंत पोहोचतो. माजिदचे अल्जीरियन आईवडील जॉर्जच्या घरच्या शेतावर राबायचे. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी ते पॅरिसच्या मोर्चाला गेले ते परतलेच नाहीत. अल्जीरियनांवरच्या संचारबंदीविरुद्धचा हा मोर्चा पॅरिसचे पोलीसप्रमुख मोरिस पापाँ यांच्या पोलिसांनी चिरडला, प्रेतं सेन नदीत फेकली. मेले किती, यावर आजही एकमत नाही. पोरक्या माजिदला जॉर्जचे आईवडील दत्तक घेणार होते. सहा वर्षांच्या जॉर्जने थापा मारून त्याला घराबाहेर काढायला लावलं.

आता शेवट. माजिदने जॉर्जच्या डोळ्यांदेखत स्वतःचा गळा चिरलाय. जॉर्ज घरी येतो, गोळ्या घेतो, पडदे ओढून झोपतो. मग दिसतं ते शेतावरचं अंगण, दूर कोठाराच्या अंधारातून. गाडी येते, पोरगा पळतो, त्याला धरून आणतात, गाडीत कोंबतात. क्लोज-अप नाही, पार्श्वसंगीत तर चित्रपटभर नाही. कॅसेटमधल्यासारखाच कॅमेरा जागचा हलत नाही. फरक इतकाच, की हे चित्रण जॉर्जच्या डोक्यातलं आहे. चित्रपट खरा इथे संपतो.

पण हानेके आणखी एक दृश्य ठेवतात. शाळा सुटलीय, पायऱ्यांवर गर्दी. चौकटीच्या डाव्या बाजूला जॉर्जचा मुलगा पिएरो आणि माजिदचा मुलगा बोलताना दिसतात. शब्द ऐकू येत नाहीत, श्रेयनामावली सुरू होते. कित्येकांना ही जोडी दिसतही नाही.

ज्यांना दिसते ते म्हणतात, दोघांचा कट होता. असेलही. माजिदच्या खोलीतली जॉर्जची भेट कॅसेटवर आली, म्हणजे आत कॅमेरा कोणीतरी ठेवलाच होता. मात्र बापलेक दोघंही नाही म्हणतात, आणि गळ्यावर सुरी फिरवण्याआधी माजिद खोटं कशाला बोलेल?

या मुलाला नावसुद्धा नाही, तो फक्त ‘माजिदचा मुलगा’. बाप गेल्यावर तो जॉर्जला कार्यालयात गाठतो, पण अंगावर हात टाकत नाही. एका माणसाचा जीव मनावर असताना कसं वाटतं, एवढंच त्याला पाहायचं असतं. आपण मात्र त्याला पायऱ्यांवर पाहिलं रे पाहिलं की आरोपी ठरवतो. पिएरो एका रात्री घरी आला नाही, तेव्हा जॉर्जने पोलीस नेले होते ते याच बापलेकांच्या दारात. रात्र त्यांनी कोठडीत काढली. पिएरो मित्राकडे झोपला होता.