एकच बोअर, तीन हेड



गॅरेजात उभं राहून इंजिनाचं हेड उतरताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना आजचा विषय चटकन कळेल. गाडीची ताकद सिलिंडरात असते असं आपण धरून चालतो. मला बोलायचंय ते त्यावरच्या झाकणाबद्दल.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या ड्रॅग शर्यतींत क्रायस्लर, फोर्ड आणि शेव्हरले यांची चुरस लागली होती. दोन गाड्या, सरळ पट्टा, उभ्या जागेवरून सुटायचं आणि पाव मैल गाठायचा. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेच्या नियमाने सात लिटरची मर्यादा घातलेली, त्यामुळे तिघांची मोठी इंजिनं मापाने जवळजवळ भावंडं. क्रायस्लरच्या ४२६ घन इंची इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडराचा व्यास, ४.२५ इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३.७५. शेव्हरलेच्या ४२७ चा बोअर तेवढाच, स्ट्रोक ३.७६. फोर्डचे आकडे ४.२३ आणि ३.७८. मग फरक कुठे? हेडमध्ये.

क्रायस्लरचं हेड आतून उलट्या वाटीसारखं, म्हणजे अर्धगोल (हेमिस्फिअर), म्हणून नाव ‘हेमी’. सपाट झाकणात दोन व्हॉल्व्ह बसवायचे तर दोघांना मिळून बोअरचीच रुंदी वाटून घ्यावी लागते. वाटीत ते समोरासमोर कलतात आणि मोठे होतात. या हेमीचा इनटेक व्हॉल्व्ह तब्बल २.२५ इंचांचा! एकीकडून हवा आत, समोरून धूर बाहेर, वाटेत वळण कमी. याची किंमत वजनात मोजावी लागते, कारण दोन बाजूंच्या व्हॉल्व्हसाठी रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचे, दोन शाफ्ट लागतात आणि हेड अवाढव्य होतं.

शेव्हरलेने वाटी केली नाही. त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या दिशेला तिरका केला आणि प्रत्येक रॉकर स्वतंत्र खिळीवर बसवला. कव्हर काढलं की व्हॉल्व्हच्या दांड्या साळिंदराच्या काट्यांसारख्या दिसतात, आणि अमेरिकेत त्याला साळिंदरच म्हणतात. हेमीचा बराचसा फायदा कमी खर्चात मिळाला. मला ही युक्ती फार आवडते.

फोर्डने मात्र पुशरॉडच काढून टाकले. आपल्याकडे बुलेटवाल्यांना पुशरॉड ठाऊक असतो: खालच्या कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेणारी काडी. फोर्डने प्रत्येक हेडवरच एकेक कॅमशाफ्ट चढवला. हलणारं वजन घटलं, इंजिन जास्त फेरे सोसू लागलं. पण दोन्ही कॅम फिरवायला सुमारे सहा फुटी चेन लागली. सायकलची चेनसुद्धा पाच फुटांच्या आत असते! एवढी लांब चेन ताणते, आणि ताणली की दोन बाजूंचं टायमिंग सारखं राहत नाही. म्हणून मेकॅनिक एका बाजूचा कॅम मुद्दाम काही अंश फरकाने लावत.

१९६५ च्या हंगामासाठी नॅसकारने हेमी आणि फोर्डचं हे इंजिन, दोघांनाही अडवलं. दोघांचीही खरी परीक्षा मग ड्रॅग पट्टीवर झाली. फोर्डचं इंजिन तिथे गाजलं, पण कारखान्यातून सुटलेल्या नेहमीच्या गाडीत कधीच बसलं नाही. पुढे सुट्या भागांचा तुटवडा जाणवू लागला. हेमी रस्त्यावरच्या गाडीतही आलं. शिवाय त्याच्या खालच्या बांध्यात, क्रँकशाफ्टच्या बेअरिंग टोप्यांना आडवे बोल्ट होते, म्हणून ते नायट्रोमिथेन या शर्यतीच्या इंधनाचा मारा झेलू शकलं. पेट्रोलला जळायला वजनाच्या सुमारे साडेचौदा पट हवा लागते, नायट्रोमिथेनला दुपटीहूनही कमी. त्यामुळे सिलिंडरात इंधनाचा लोंढाच ओतला जातो.

नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या आजच्या ‘टॉप फ्युएल’ ड्रॅग गाडीत क्रायस्लरचा मूळ भाग एकही सापडत नाही. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, पाण्याच्या वाटाही नाहीत. आता पाव मैलाऐवजी हजार फुटांची असलेली धाव चार सेकंदांच्या आत संपते. गाडी पिटमध्ये परतली की मंडळी लगेच हेड उतरवतात. आत तीच वाटी असते, समोरासमोर कललेले तेच दोन व्हॉल्व्ह, आणि शेजारी काढून ठेवलेले पुशरॉड.