बारा वर्षांचा कर्ता

आज आम्ही सांगणार आहोत रोबेर्तो रोसेलिनी यांच्या १९४८ च्या ‘जर्मनी, वर्ष शून्य’ या चित्रपटाविषयी.

युद्धानंतरचं बर्लिन, जिकडेतिकडे ढिगारे. बारा वर्षांचा एडमंड घरासाठी वणवण करतो. वडील अंथरुणाला खिळलेले. थोरला भाऊ सैनिक होता. पकडतील या भीतीने लपलेला, म्हणून त्याचं रेशनकार्डच नाही. एडमंड कबरी खणायला जातो, तर वय कमी म्हणून हाकलतात. जुने मास्तर सांगतात, दुबळ्यांनी मरायचंच असतं. पोर ते खरं मानतं, वडिलांच्या चहात विष घालतं. शेवटी स्वतःही पडक्या इमारतीवरून उडी घेतं.

पोराने चार पैसे आणले की आपण म्हणतो, शहाणा झाला. त्याच्या मनात कोण काय भरतंय, हेही विचारूया.