चिपळुणात फ्लॅट घेताना

पोफळीच्या वीजनिर्मिती वसाहतीत नोकरीची वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्ती जवळ आली की घराचा प्रश्न पडतो. वसाहतीतलं घर सोडावं लागतं आणि नजर जाते खाली चिपळूणकडे. बाजार, दवाखाने, एसटी स्टँड, सगळं जवळ. गर्दी आहे, पार्किंगची मारामार आहे. पण उतारवयात ही सोय मोठीच.

मात्र चिपळुणात दरापेक्षा आधी पाणी विचारा. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज तयार झाल्यावर कोयना धरणाचं पाणी चिपळुणातून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीलाच मिळतं. त्यात अतिवृष्टी आणि भरतीची वेळ जुळली, की पाणी शहरात शिरतं. २००५ आणि २२ जुलै २०२१ चा पूर इथे कोण विसरेल? म्हणून पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तळमजला स्वस्त का मिळतोय, ते मग आपोआप कळतं! मीटर आणि पाण्याचा पंप कुठल्या उंचीवर आहेत, तेही बघा. जुनी इमारत असेल तर शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. ते बोट दाखवून सांगतील.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा. किंमत चटई क्षेत्रावरच बोला. आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला देऊ नका. कायदाच तसा आहे.