स्वतंत्र पक्ष : उदय आणि अस्त



विजयी पक्षांचा इतिहास सांगणारे पुष्कळ असतात. आज मी एका पराभूत पक्षाची हकीकत सांगणार आहे. स्वतंत्र पक्ष उणीपुरी पंधरा वर्षे जगला. पण त्याने विचारलेला प्रश्न त्याच्यामागे उरला.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. मालकी शेतकऱ्याची राहावी, जमिनी मात्र एकत्र कसाव्यात, अशी ती योजना. बांध मोडल्यावर कागदावरच्या नावाला अर्थ तो काय उरणार, ही धास्ती अनेकांना वाटली. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला नव्या पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला त्याची परिषद भरली. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. प्रा. रंगा अध्यक्ष, मिनू मसानी सरचिटणीस, जोडीला कन्हैयालाल मुनशी. विरोधकांनी या मंडळींना प्रतिगामी ठरवले. त्यांचे म्हणणे मात्र साधे होते : परवाना, परमिट आणि कोटा ज्याच्या हातात, त्याच्या दारात उद्योगी माणूस याचक होतो, आणि त्याच याचकाच्या देणगीवर सत्ताधारी पक्ष निवडणुका लढवतो.

१९६२ साली या पक्षाला लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या, १९६७ साली ४४. तो लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. ओरिसात सिंहदेव मुख्यमंत्री झाले; गुजरातेत १६८ पैकी ६६ जागा मिळाल्या.

या यशातच अपयशाचे बी होते. विचार राजाजींचा, पण मते पुष्कळ ठिकाणी राजवाड्यांची. बिहारमध्ये १९६२ साली पक्षाचे ५० आमदार आले ते रामगढच्या राजांच्या बळावर. राजेसाहेब पक्ष सोडून गेले तेव्हा ते बळही त्यांच्याबरोबर गेले. गुजरातेत भाईकाकांमुळे पाटीदार शेतकरी पक्षात आला, तिथे मुळे काहीशी खोल गेली. पण असे प्रांत थोडे.

आपल्या महाराष्ट्राचेच पाहा. पहिली परिषद मुंबईत भरली, पण १९६२ आणि १९६७ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत पक्षाला येथे एकही जागा मिळाली नाही. माझ्या मते कारण उघड आहे. इथल्या बागाईतदाराला सहकार म्हणजे साखर कारखाना आणि सोसायटीचे कर्ज. ते काँग्रेसच्याच हातून मिळत होते आणि तिथे सत्तेतही त्याचा वाटा होता. शिवाय संयुक्त शेती प्रत्यक्षात फारशी आलीच नाही. ज्या भीतीतून पक्ष जन्मला ती भीतीच ओसरली.

मग १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. रुस्तम कूपर यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. पण खटला जिंकणे वेगळे आणि मतदार जिंकणे वेगळे! १९७१ च्या निवडणुकीत इंदिराबाईंनी गरिबी हटविण्याची घोषणा केली. स्वतंत्र पक्ष बड्या आघाडीत सामील झाला होता. त्या आघाडीकडे इंदिराबाईंना हटविण्यापलीकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते. ४४ च्या ८ जागा झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी निवर्तले आणि १९७४ साली पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

पुढे १९९१ साली परवाना पद्धतीचा मोठा भाग मोडीत काढला तो काँग्रेसच्याच सरकारने. १९९४ साली शरद जोशींनी आपल्या पक्षाला ‘स्वतंत्र भारत पक्ष’ असे नाव दिले, ते या वारशाचे स्मरण ठेवूनच.

कोणी म्हणेल, विचार जिंकला, मग पक्ष गेला तर बिघडले कुठे? मला वाटते, बिघडले. परवान्याने कुणाची वाट अडली, हे गरिबाच्या भाषेत सांगणारा पक्ष तेव्हा उभा राहता, तर हातमागवाला, फेरीवाला, कोरडवाहू शेतकरी यांनाही तो आपला वाटला असता, आणि १९९१ ची वाट पाहावी लागली नसती. स्वातंत्र्याचा कैवार राजवाड्यातून घेतला गेला, म्हणून झोपडीला तो परका वाटला. विरोधी पक्ष बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही मताचा असो, ही हकीकत मनाशी ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.