‘साधा’ खून आणि एकट्याचा दहशतवाद

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



एकट्यानं हल्ला करणारा दहशतवादी आणि साधा खुनी यांची तुलना, हा विषय वाचून काहीजणींनी मला विचारलं, आपण सल्ला केंद्र चालवणाऱ्या बायका, आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आणि तो ‘साधा’ या शब्दापाशीच सुरू होतो.

युरोप-अमेरिकेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत या तुलनेवर बराच अभ्यास झाला. कुठल्या संघटनेच्या हुकुमाशिवाय, एकटाच बंदूक किंवा ट्रक घेऊन अनोळखी माणसांवर तुटून पडणारा हा माणूस असतो तरी कोण, हा प्रश्न. ढोबळ उत्तर असं दिलं जातं की नेहमीचा खून ओळखीच्या माणसांत होतो, भांडणातून, पुष्कळदा दारूच्या भरात, हाताला लागेल त्या वस्तूनं. एकटा हल्लेखोर मात्र अनोळखी माणसं निवडतो, भर वस्तीतली जागा निवडतो, महिनोन्‌महिने तयारी करतो. त्याच्या मनात कसली तरी जुनी तक्रार असते आणि ती तो एखाद्या विचारसरणीच्या भाषेत मांडतो.

पॉल गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली अशा ११९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे ९७ टक्के पुरुष होते. (याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही, पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र हल्लेखोराचा धर्म येतो, देश येतो, तो पुरुष आहे हे कधी येत नाही.) आणि ‘एकटा’ म्हणावा तर तो तितकासा एकटाही नव्हता. जवळजवळ ६४ टक्के प्रकरणांत तो काहीतरी करणार आहे हे घरच्यांना किंवा मित्रांना आधी ठाऊक होतं.

आता तुलनेची दुसरी बाजू पाहू. ‘साधा खून’ नावाच्या एकाच पोत्यात काय काय कोंबलेलं आहे? संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुली मारल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ५१,१०० जणींना त्यांच्या नवऱ्यानं, जोडीदारानं किंवा घरातल्याच कोणी मारलं. म्हणजे दिवसाला १४०. पुरुषही मारले जातात, संख्येनं फार जास्त मारले जातात, पण त्यांतले घरच्यांकडून मारले जाणारे शंभरात बाराच्या आसपास. पुरुषाला बहुधा घराबाहेर मरण येतं, बाईला घरात. हे दोन खून एका पोत्यात घालून ‘सरासरी खुनी’ काढला, तर त्या सरासरीत बाईचा खुनी दिसेनासा होतो.

त्याला पोत्यातून वेगळा काढला की काय दिसतं? इंग्लंडमधल्या जेन मंक्टन स्मिथ या आधी पोलीसमध्ये होत्या, नंतर अध्यापक झाल्या. त्यांनी तिथले जोडीदाराकडून झालेले ३७२ खून तपासले. ‘रागाच्या भरात झालं’ ही जी कोर्टात नेहमी सांगितली जाणारी कथा, ती त्यांना पटली नाही. त्यांना आठ पायऱ्या दिसल्या. पुरुषाच्या आधीच्या नात्यातही नियंत्रणाचा किंवा पाठलागाचा इतिहास. नात्यात घाईघाईनं गुंतवणं. मग बाईवर कडक ताबा. मग एखादी ठिणगी, बहुतेक वेळा ती सोडून जाते किंवा जाईल अशी भीती. मग धमक्या वाढतात. मग त्याच्या डोक्यातला विचार पालटतो, ‘ही माझी नाही तर कोणाचीच नाही’ अशा वळणावर येतो. मग आखणी. मग खून.

ही यादी आणि मघाची चौकातल्या हल्लेखोराची यादी शेजारी ठेवून पाहा. मनात धरलेली तक्रार, आपल्यावरच अन्याय झाल्याची खात्री, आधी बोलून दाखवलेला बेत, तयारी, आणि पुष्कळदा शेवटी स्वतःचाही जीव घेणं. माझं मत असं की बायकोचा खुनी हा गुत्त्यावरच्या मारामारीतल्या खुन्यापेक्षा या एकट्या दहशतवाद्याच्या जास्त जवळचा आहे. फरक विचारसरणीचा, असं कोणी म्हणेल. पण ‘बाई ही माझ्या मालकीची’ ही विचारसरणी नाही तर काय आहे? तिला पत्रकं छापावी लागत नाहीत, इतकंच.

१९८९ साली ६ डिसेंबरला कॅनडातल्या माँट्रियल शहरात एक तरुण बंदूक घेऊन अभियांत्रिकी कॉलेजात शिरला. (त्याचं नाव मी घेणार नाही, ते पुष्कळांनी घेतलं आहे.) वर्गातल्या मुलग्यांना त्यानं बाहेर जायला सांगितलं, मुलींना थांबवलं. तुम्ही स्त्रीवादी आहात, मला स्त्रीवाद्यांचा द्वेष आहे, असं म्हणाला. आम्ही चळवळीतल्या नाही हो, नुसत्या शिकायला आलोय, असं एकीनं सांगून पाहिलं. त्यानं गोळ्या झाडल्या. त्या संध्याकाळी चौदा स्त्रिया मारल्या गेल्या आणि शेवटी त्यानं स्वतःला मारलं. त्याच्या खिशात पत्र होतं. त्यात हे कृत्य राजकीय कारणासाठी करत असल्याचं त्यानंच लिहिलं होतं आणि मारायच्या राहून गेलेल्या १९ स्त्रियांची यादी जोडली होती. तरी कितीतरी दिवस तो ‘वेडा’च ठरवला गेला. पत्र लोकांसमोर यायला वर्ष गेलं. तिथल्या स्मृतिस्थळाच्या फलकावर हा ‘स्त्रीवादविरोधी हल्ला’ होता असं स्पष्ट लिहायला २०१९ साल उजाडलं. तीस वर्षं! बाईला बाई म्हणून मारणं हेही राजकारण असू शकतं, एवढं एक वाक्य लिहायला. पुढे २०२३ साली टोरांटोच्या एका न्यायालयानं स्त्रीद्वेषातून केलेल्या एका खुनाला प्रथमच दहशतवाद म्हटलं.

दुसरं प्रकरण ऑस्ट्रेलियातलं. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या एका कॅफेत एकानं अठरा जणांना ओलीस धरलं, दोन ओलीस मेले, तोही मेला. जगभर बातमी झाली, दहशतवाद म्हणून. आता तो त्या दिवशी मोकळा कसा होता ते ऐका. एप्रिल २०१३ मध्ये त्याच्या पूर्वीच्या बायकोला भोसकून जाळण्यात आलं होतं. त्या खुनात साथ दिल्याचा आरोप त्याच्यावर होता. खून करणारी त्याची नवी जोडीदार, तिला २०१६ साली दोषी ठरवलं गेलं. शिवाय अनेक स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराचे चाळीसहून अधिक आरोप त्याच्यावर होते. आणि तो जामिनावर होता! त्याच्या फेसबुकवरच्या मजकुराबद्दल राष्ट्रीय सुरक्षेच्या फोनवर लोकांनी तक्रारी केल्या, त्या तपासल्या गेल्या, तातडीचा धोका नाही असं ठरलं. त्याच्या मनात कोणता झेंडा आहे हे तपासलं जात होतं. बायकांचं त्यानं काय केलं याचे कागद दुसऱ्या टेबलावर होते.

अशा प्रकरणांमुळे सरकारांना जाग आली. २०१६ च्या ओरलँडोच्या हल्लेखोराच्या पूर्वीच्या पत्नीनं मारहाणीची हकीकत सांगितली, त्याच वर्षी फ्रान्समधल्या नीस शहरात ट्रकखाली ८६ माणसं चिरडणाऱ्याबद्दलही तीच गोष्ट पुढे आली. ब्रिटिश पोलिसांनी दहशतवादाकडे झुकण्याच्या संशयावरून २०१९ साली नोंदवलेल्या प्रौढांची प्रकरणं चाळली. एक तृतीयांशाहून अधिक जणांचा घरगुती हिंसेशी संबंध निघाला, मारणारे, मार खाणारे आणि लहानपणी पाहिलेले सगळे धरून. म्हणून आता म्हणतात, बायकोला मारणारा हा उद्याचा दहशतवादी, त्याच्यावर लक्ष ठेवा.

इथे मात्र मी तुम्हाला सावध करते. ऐकायला बरं वाटतं, अखेर कोणीतरी आपलं म्हणणं गंभीरपणे घेतंय. पण हिशेब करा. बायकोला मारणारे पुरुष कोट्यवधी आहेत. त्यांतले चौकात हल्ला करणारे नगण्य. ही खूण घेऊन शोधायला निघालात तर काहीच हाती लागणार नाही. आणि मुख्य म्हणजे, तिच्या पाठीवरचा वळ महत्त्वाचा का, तर उद्या दुसऱ्या कोणाचा जीव जाईल म्हणून? ती स्वतः मेली तर तो ‘साधा’ खून, आणि तिच्यानंतर अनोळखी माणसं मेली तर राष्ट्रीय संकट?

शिवाय तक्रार केली की घरावर दहशतवादविरोधी पथक येणार, अशी वदंता पसरली तर कोणती बाई ठाण्याची पायरी चढेल? ज्या समाजाकडे आधीच संशयानं पाहिलं जातं, तिथली तर मुळीच नाही. नवऱ्यापासून सुटका हवी असते तिला, त्याला देशद्रोही ठरवायचं नसतं. आणि सरकार बाईलाच जबाबदार धरायला किती पटकन वळतं, तेही कॅनडात दिसलं. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात एकानं आधी जोडीदाराला मारहाण केली, ती निसटून रात्रभर जंगलात लपली, त्यानं पुढे २२ माणसं मारली. त्याच्या हिंसेबद्दल शेजारणीनं २०१३ मध्येच पोलिसांना सांगितलं होतं. पोलिसांनी त्या वर्षअखेरीस गुन्हा कोणावर नोंदवला? त्याला काडतुसं पुरवल्याबद्दल तिच्यावर! कित्येक महिन्यांनी ते प्रकरण मिटलं. चौकशी आयोगानं २०२३ साली घरगुती हिंसा ही साथीच्या रोगासारखी पसरली आहे असं म्हटलं, पण तोवर त्या बाईला गावानं काय काय ऐकवलं असेल.

आता आपल्याकडे. ‘जीव घेईन म्हणतो’ असं ती सांगते, आणि ठाण्यात ‘घरगुती वाद’ एवढंच लिहून घेतात. आपणही केंद्रात कधीकधी ‘नवरा त्रास देतो’ असं लिहून मोकळ्या होतो. ते तिच्या शब्दांत लिहा, तारखेसह. पाठलाग करतो का, घरात हत्यार आहे का, ती वेगळी राहायला लागल्यापासून काय बदललं, हे विचारा. आणि एक प्रश्न आपल्या अर्जावर अजून नाहीच: त्यानं कधी गळा दाबला होता का? अमेरिकेतल्या एका अभ्यासात ज्या बायकांचा आधी गळा दाबला गेला होता, त्यांचा पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक आढळली. गळ्यावर खूण राहतेच असं नाही, त्यामुळे डॉक्टरही लिहीत नाहीत, आणि विचारल्याशिवाय ती सांगतही नाही. दुपारी गटांत बसाल तेव्हा अर्जाचा नमुना समोर घ्या आणि हा रकाना कुठे घालायचा ते ठरवा.