तास लिहून ठेवा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला बजावलं होतं, "तू कॉमर्सचा मास्तर आहेस, मुलांच्या शिक्षणावर दहा मिनिटं बोल, पण लेक्चर देऊ नकोस." आठवणी सकाळपासून सगळ्यांनी सांगितल्या. मी एक हिशोब मांडतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे आणि माझ्या वहीत तो अजून मिटलेला नाही.

दहावीचा निकाल लागला तेव्हा आपल्या वर्गातल्या आम्ही तिघांनी एमसीव्हीसीला प्रवेश घेतला. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम असं त्याचं लांबलचक नाव. आपल्या राज्यात तो १९८८-८९ पासून सुरू झाला. इंग्रजी, मराठी, जनरल फाउंडेशन आणि व्यवसायाचे तीन पेपर, शिवाय प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. सायन्सला नंबर लागला नाही की इकडे, अशी गावात समजूत. आमच्यातला एक इलेक्ट्रिकलला गेला. मी आणि आपली एक मैत्रीण अकाउंटिंग अँड ऑडिटिंगला. सकाळची एसटी पकडायची, नागोठणं, वडखळ करत पेणला पोचायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं रोह्याला परत. ती मैत्रीण आज इथं बसली आहे. तिला विचारूनच बोलतोय.

प्रशिक्षणासाठी मला पेणमधला एक गणपतीचा कारखाना मिळाला. मला वाटलं होतं, मूर्ती मोजायच्या असतील. मालकांनी माझ्यासमोर दोन वह्या टाकल्या. एकीत कारागिरांची उचल, दुसरीत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा बयाणा. पैसा येणार श्रावण-भाद्रपदात आणि मजुरी मात्र दर आठवड्याला द्यायची. माती, रंग, गवत, सगळं आधी घ्यायचं. कच्ची मूर्ती तशीच विकली तर किती सुटतात आणि रंगवून, डोळ्यांची आखणी करून विकली तर किती, हे त्यांना तोंडपाठ होतं, पण कागदावर नव्हतं. ते मी कागदावर मांडलं. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे मला त्या शेडमध्ये कळलं. पुस्तकात त्याची व्याख्या नंतर वाचली. २०२३ मध्ये पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला सगळ्यात आधी त्या दोन वह्या आठवल्या.

मैत्रीण एका घाऊक किराणा दुकानात होती. किर्द, खतावणी, तेरीज, सगळं तिच्या हाताखालून गेलं. तेरीज जुळली नाही तर ती जेवायला उठत नसे. आमच्या वर्गात तिचा हात धरणारा कोणी नव्हता.

बारावी झाली. इलेक्ट्रिकलवाल्या मित्राला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. तांत्रिक गटातल्या मुलांसाठी तशी सोय होती. त्याची दोन वर्षं मोजली गेली, त्याचं एक वर्ष वाचलं. आज तो धाटावच्या कंपनीत मेन्टेनन्सचा प्रमुख आहे आणि आजच्या जेवणाचा खर्च त्यानं उचलला आहे, हेही नोंदवून ठेवतो.

आम्हा दोघांना मात्र बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला पहिल्या दिवसापासून बसायचं होतं. माझा पहिला तास मला आठवतो. सरांनी फळ्यावर लिहिलं, "घेणारा नावे, देणारा जमा." दोन वर्षं मी तेच करून आलो होतो. वही उघडली आणि पुन्हा लिहून घेतलं.

मैत्रीण त्या तासाला नव्हती. तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, "आणखी दोन वर्षं कशीबशी शिकवतो. तीन जमणार नाहीत." पाठीमागे दोन भाऊ शिकायचे होते. वडिलांना दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण विचार करा, पहिल्या वर्षाचं जे तिला आधीच येत होतं ते कोणी तपासून मोजलं असतं, तर दोनच वर्षं उरली असती. नेमकी तेवढीच तिच्या घरात शिल्लक होती. आज ती एका हार्डवेअरच्या दुकानाचा सगळा हिशोब आणि जीएसटी बघते. कुठलाही फॉर्म आला की शिक्षणाच्या रकान्यात "बारावी" लिहिते.

आता माझी बाजू. पुढं मी कॉलेजात शिकवायला लागलो. काही वर्षांनी व्यवसाय अभ्यासक्रमातून आलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, हे मी केलंय, माझी परीक्षा घ्या आणि मला पुढचं शिकवा." मी म्हणालो, "नियमात बसत नाही." खरोखरच बसत नव्हतं. पण मी ते ज्या सहजतेनं म्हणालो, त्याची मला आज लाज वाटते. मी स्वतः त्याच बाकावर बसून आलो होतो.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण अमेरिकेत असते. तिच्या मुलीनं हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा अकाउंटिंगचा कोर्स केला. त्याला तिकडं ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात. एकच कोर्स शाळेतही मोजला जातो आणि कॉलेजातही. मी फोनवर विचारलं, कुठल्याही कॉलेजात चालतो का? ती म्हणाली, "नाही रे, पुढचं कॉलेज काय मानतं ते आधी विचारून घ्यावं लागतं." म्हणजे तिकडंही आपोआप काही होत नाही. पण विचारण्याची सोय आहे.

आपल्याकडेही ती सोय होऊ घातली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये श्रेयांकांच्या बँकेचे, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात शाळा, व्यवसाय शिक्षण आणि पदवी या तिन्हींना एकच माप लावलं आहे. तीस तासांचं शिक्षण म्हणजे एक श्रेयांक. वर्षाचे बाराशे तास, चाळीस श्रेयांक. वर्गातला तास, प्रात्यक्षिक, प्रशिक्षण, सगळं त्यात धरता येतं. अनुभवसुद्धा धरता येतो. अट एकच, त्याचं मूल्यमापन झालं पाहिजे. पदवीच्या नव्या आराखड्यातही ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत.

याच विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद १९५६ पासून चिंतामणराव देशमुखांनी सांभाळलं होतं. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. आपल्या रायगडचा माणूस, रोह्याच्या कॉमर्स कॉलेजला त्यांचंच नाव आहे. बँकेचा माणूस शिक्षणाच्या आयोगावर गेला होता, आता शिक्षणातच बँक आली आहे.

पण मी तुम्हाला फसवणार नाही. चौकट बसली, दार अजून बसायचं आहे. अकरावी-बारावीत वाणिज्याचा व्यवसाय अभ्यासक्रम केला म्हणून उद्या कोणी बी.कॉम.चं पहिलं वर्ष माफ करणार नाही. ते दार कॉलेजांनी आणि विद्यापीठानं बसवायचं आहे. तिथं मी बोलतो आहे, बोलत राहीन. मात्र ते बसेल तेव्हा आपल्या मुलांच्या हातात दाखवायला काय असेल? हा प्रश्न तुमचा आणि माझा आहे.

इथं मला आणखी एक कबुली द्यायची आहे. कारखान्यातल्या प्रशिक्षणाला मी शेवटचे सहा दिवस गेलोच नाही. क्रिकेटच्या मॅच होत्या. मालकांनी हसत पूर्ण दिवसांचं प्रमाणपत्र सही करून दिलं. चांगला माणूस, मायेनंच दिलं. पण अशा मायेच्या सह्यांमुळेच प्रमाणपत्रांची किंमत उरली नाही. कॉलेज मग म्हणतं, तुमच्या कागदावर विश्वास कसा ठेवायचा? आणि त्यात जे खरोखर राबले, त्या मैत्रिणीसारख्यांचे तासही बुडतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तुमच्यापैकी कोणाचं दुकान आहे, कोणाचा कारखाना, कोणाचं टॅक्सचं ऑफिस, कोणी धाटावला कंपनीत आहे. शाळेतली अकरावी-बारावीची दोन मुलं दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत कामाला घ्या. चहा आणायला नको, वह्या लिहायला. साठ तास काम दिलंत तर दोन श्रेयांकांचं शिक्षण दिलंत. रोजची तारीख, किती तास, कुठलं काम, हे त्या मुलाकडून लिहून घ्या आणि खाली सही करा. जो दिवस आला नाही, तिथं रेघ मारा. हिशोबाच्या धंद्यात आम्ही पहिल्यापासून हेच शिकतो, जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

सर आणि बाईंना एक विनंती. दहावीच्या पालकांना बोलावून, कुठल्या अभ्यासक्रमातून पुढं कुठला रस्ता जातो आणि कुठला जात नाही, हे प्रवेशाच्या आधीच सांगावं. आमच्या वेळी ते कोणालाच माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं, हे आज हसत कबूल कराल.

भाषण आधी मैत्रिणीला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "माझं राहू दे, माझी मुलगी यंदा अकरावी कॉमर्सला आहे, तिच्यासाठी वही आणलीय." पहिलं पान तिनं मला दाखवलं. तारीख, तास, काम, सही. सहीचा रकाना रिकामा आहे. आपल्यापैकी कोणीतरी तो भरावा, एवढंच मागून मी थांबतो.