गोळा कुठला, ते आधी ओळखा
(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. चेक पास करण्याआधी आम्ही सही जुळवून बघायचो. पायात गोळा आला की तसंच करावं, एवढंच सांगायला उभा आहे. कारण गोळा दोन तऱ्हेचा असतो. आणि तिसरा, तो गोळा नसतोच.

पहिला उन्हातला. चैत्रात आपल्या खान्देशातून कितीतरी जण सप्तशृंगी गडावर पायी जातात. ऊन चाळिशीच्या पुढे. घामाबरोबर मीठही जातं, मग नुसत्या पाण्याने भागत नाही. सावलीत बसावं, पोटरी हलकेच ताणावी आणि ओआरएस घ्यावं, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. ते नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजा आणि थेट दवाखाना गाठा.

दुसरा रात्रीचा, आपल्या वयाचा. झोपेत पोटरी दगडासारखी होते. अशा वेळी धडपडत उठू नका. पडून खुबा मोडला तर केवढ्याला पडेल! पलंगावरच बसा, गुडघा सरळ ठेवा, चवडा स्वतःकडे ओढा. हात पोचत नसेल तर तळव्याला टॉवेल अडकवून ओढा. मग चोळा, शेका.

तो येऊच नये म्हणून झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची. मांडीचा मागचा भागही ताणायचा. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली छापून आला. ज्यांनी सहा आठवडे रोज रात्री असे पाय ताणले, त्यांचे गोळे कमी झाले. पैसा लागत नाही, बरं का! मेडिकलमधून मनाने क्विनीन आणू नका. या दुखण्यासाठी ते घेऊ नये, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा इशारा आहे. लघवीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. पण ती आपणहून बंद करू नका.

आता तिसरा. एकच पोटरी सुजली, गरम लागते, लाल दिसते, दुखणं थांबत नाही? चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चालताना दुखतं आणि थांबलं की राहतं, तर रक्तपुरवठा तपासून घ्या. विडी ओढणाऱ्यांनी आणि शुगरवाल्यांनी तर नक्कीच.

तर मंडळी, आज रात्रीपासून बातम्या संपल्या की टीव्ही बंद करायचा आणि भिंत धरायची.